सावलीतला मेथीचा वाफा

प्रिय आई,

माझ्या खेळायच्या जागेत मेथीचा वाफा केलास, आणि वर परत तूच म्हणायचीस, "वाफ्यात बॉल गेला की औट. खेळायचं तर खेळ, नायतर पाणी भर." अगं, मेथी काय माझ्यापेक्षा मोठी होती? बॅट माझी, आणि नियम सगळे तुझे!

तू गेलीस त्याला दोन वर्षं झाली, तरी हे भांडण डोक्यातून जात नाही. आज लिहायला बसलो, कारण काल सिन्नरहून ताईचा फोन आला. घरामागच्या बागेत कोबा करून टाकू म्हणते. चिखल नको, गवत नको. खर्चातला माझा निम्मा वाटा मागितला. मी लगेच हो म्हणालो. त्या बागेत एक सिक्स तरी मारू दिलास का तू मला?

मग बोलता बोलता ताई म्हणाली, "आईचं पण काय एकेक! भिंतीकडं सावलीत कुठं मेथी येते? दोन वर्षं पेरली तिनं. बोटभर वाढायची अन् पिवळी पडायची. लिंबापाशी एवढं ऊन, पण तिथं नाय टाकली."

भिंतीकडची बाजू म्हणजे माझी लेग साईड. बॉल कसाही येवो, मी बॅट आडवी फिरवून तिकडंच मारायचो, आणि मॅचमध्ये दरवेळी बोल्ड. तू वाफा केलास आणि मी सरळ खेळायला लागलो. तुझ्या नावानं बोटं मोडत, पण सरळ!

खरं सांग, मुद्दाम केलंस ना? पोराची बॅट आडवी येते हे तुला सांगितलं कुणी? का पदर खोचून मला बॉल टाकता टाकता तूच ओळखलंस? टीव्हीवर एक मॅच कधी पुरी बघितली नाहीस तू!

आणि ओळखलंस तर तोंडानं का नाही सांगितलंस? पण मी ऐकलं असतं होय! सरांनी तेच सांगितलं तर त्यांच्याशी भांडलो, आणि नववीत शाळाच सोडली.

इथं जामनगरला आम्ही वेल्डर लोक रविवारी खेळतो. परवा सुपरवायझर म्हणाला, "इतना सीधा बल्ला? कोचिंग लिया था क्या?" मी म्हटलं, "नहीं साब, घर में मेथी थी." सगळे हसले. मीपण हसलो. तेव्हा मला कुठं काय माहीत होतं!

आता ताईची सिद्धी तिथं खेळते. आठ वर्षांची झाली. कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन आडवं फिरवते म्हणे.

आज ताईला फोन करून सांगितलं, कोबा नको. चिडली. "मग चिखल तू येऊन काढ!"

येतो ना. आई, दिवाळीत जातोच घरी. चिखल काढीन, सिद्धीला रोज बॉल टाकीन, आणि तिच्यावर एकदाही ओरडणार नाही. हा माझा शब्द. कोब्याचे पैसे देत नाही. पोरीला खरी बॅट घ्यायला ताईला आजच दोन हजार चारशे पाठवतोय.

तुझा,
बाळ्या