डेल्वारांचा कुलवृत्तांत

३ मार्च

ठरलं! लेकीच्या, देविकाच्या, होणाऱ्या बाळासाठी तिच्या सासरचा, डेल्वारांचा कुलवृत्तांत मी लिहिणार. चांदीची वाटी काय, कोणीही देतं. आमची सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची नावं छापील मिळतात, आणि जावयाला, ल्यूकला, स्वतःच्या आजोबांचं नाव सांगता येत नाही — साहेबाच्या देशात ही तऱ्हा! सुहासिनी म्हणाली, "अहो, रिटायर झालात म्हणून लोकांची कुळं उकरू नका."

उकरणार.

९ मार्च

आडनाव मूळचं बेल्जियमकडच्या फ्लँडर्सचं. इथल्या फेन्स भागातली दलदल उपसायला साडेतीनशे वर्षांपूर्वी मजूर आणले, त्यांतला एक डेल्वार. दलदल आटली, हे तिथेच राहिले. आज अख्ख्या ब्रिटनमध्ये जेमतेम तीसेक जण, बहुतेक केंब्रिजच्या उत्तरेला दोन-तीन खेड्यांत. एवढेच? आमच्या कुलसंमेलनाला हॉल पुरत नाही. सुहासिनीला म्हटलं, पोरं होऊ देण्यातही काटकसर! ती हसली नाही.

१७ मार्च

साउथहॅम्प्टनहून गाडी काढून ल्यूकच्या चुलतीकडे गेलो. डोरोथी, विधवा. या भेटीचं ल्यूकला कळू दिलं नव्हतं, सरप्राइज म्हणून.

तिचा मुलगा खिडकीशी खुर्चीत. चाळिशीचा. बोटं सारखी हलतायत, खांदा उडतोय, मान वळतेय. चहा तिने पाजला, निम्मा सांडला. मी जन्मभर लोकांना भूल दिली, मेंदूचा डॉक्टर नव्हे, पण हे ओळखायला तो लागत नाही. हंटिंग्टन, मेंदू पोखरत नेणारा आनुवंशिक आजार.

"नवराही यातच गेला," ती म्हणाली. "डेल्वारांत हे चालतच आलंय."

मी विचारलं, ल्यूकचे वडील तर अपघातात गेले ना?

"अपघात कसला! हात उडायला लागले होते त्याचे. गाडी त्याने स्वतः कालव्यात घातली. ल्यूक लहान होता. त्याची आई त्याला घेऊन गेली ती परत फिरकली नाही."

परतताना हायवेवरच्या थांब्यावर गाडी थांबवून बसून राहिलो.

१८ मार्च

बापाला असेल तर मुलाला निम्मी शक्यता. ल्यूकला असेल तर बाळाला निम्मी. औषध नाही. देविकाला पाचवा महिना.

२० मार्च

सुहासिनीला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याकडे मुलगी देताना चौकशी करतात. तुम्ही म्हणालात, आपण मॉडर्न." म्हणालो होतो खरा. मुलगा गुणी आहे, आडनाव काय चाटायचंय!

पण चौकशी करून तरी काय केलं असतं? देविकाने आमचं ऐकलं असतं थोडंच.

२४ मार्च

केंब्रिजला मुलीकडे जेवायला. ल्यूक कांदा चिरत होता, मी त्याचे हात बघत होतो. हातातून चमचा पडला तर मी उठून उभा राहिलो! चमचा कोणाच्याही हातून पडतो. त्याने पुस्तकाचं विचारलं. काही सापडत नाही, सोडून दिलं, म्हणालो. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मनात आलं ते लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार? हा माझ्या मुलीला भेटलाच नसता तर बरं झालं असतं. भला मुलगा आहे. तरीही.

२७ मार्च

सुहासिनीला राहवलं नाही. देविकाला फोनवर सगळं सांगून बसली. पोरगी म्हणाली, उद्या बोलते.

२८ मार्च

देविकाचा फोन. "बाबा, आम्हाला लग्नाच्या आधीपासून माहिती आहे. म्हणून तर आयव्हीएफ केला. टेस्ट करून, ज्याच्यात तो आजार नाही असाच एम्ब्रिओ पोटात ठेवला. बाळ सेफ आहे."

आणि ल्यूक?

तिने फोन त्याच्या हातात दिला. "माझी टेस्ट पॉझिटिव्ह आहे, बाबा," तो इंग्रजीत म्हणाला. "काकूचा पत्ता द्याल? माझं पुढे काय होणार, ते एकदा बघून यायचंय. देविकाला नेत नाही. तुम्ही येता का सोबत?"

शनिवारी निघतोय.