घरच्याले का सांगा लागते?

७ एप्रिल
रश्मी सकाळपासून फोनवर भांडून राहिली. नात माझी, पण गळा सुनेचा, बंद दारातून बी ऐकू येते. दवाखान्यासाठी कम्प्युटरचं काम करते, घरूनच. तिनं बनवलेला पुर्जा, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, पेशंटचं वजन पाहून औषधाचं माप काढते. पण पेशंट कोणता, हे त्याले कोणी सांगत नाही. स्क्रीनवर जो उघडा असन तोच आपला, असं धरून चालते. तिच्यासंगं काम करणारी पुण्याची श्वेता म्हणते, नाही, दरवेळी हातात द्या. हा पेशंट, हे वजन.
रश्मी म्हणे, "समोर दिसून राहिलं ते पुन्हा काहून सांगायचं?"
मले तिचंच पटलं. घरच्याले का सांगा लागते?

८ एप्रिल
आमच्या घरी बी कोणी सांगत नाही. सून शाळेत खिचडी शिजवायले जाते. जायच्या आधी मले साखरेच्या बिमारीची गोळी देते अन् माझा गिलास फळीवर पालथा ठेवते. पोरगा माझा, प्रकाश, बुटीबोरीच्या कारखान्यातून रातपाळी करून येते, गिलास पाहते. पालथा, म्हणजे झाली. उभा, म्हणजे त्यानं द्यायची. वर्षं गेली, नवराबायकोले एक शब्द बोला लागला नाही. तसंही बोलतात कुठं.
रश्मीच्या साहेबानं तिच्या पुर्ज्याची तारीफ केली. महिनाअखेर नोकरीत कायम करतीन म्हणे.

१० एप्रिल
आज श्वेता स्पीकरवर होती. आवाज बारीक, पण पोट्टी हटत नाही. "नर्सनं मध्येच दुसरा पेशंट उघडला तर? लेकराला मोठ्या माणसाचं माप जाईल."
रश्मी म्हणे, असं कोणी उघडत नसते. अन् सांगायचंच म्हटलं तं निरोप प्रोग्रामच्या किती तुकड्यांच्या हातून जाईन. मधल्यांले काय करायचं त्याचं, नुसते हमाल.
हे बी खरं. नणंदेच्या लग्नाचा निरोप लकडगंजातून सक्करदऱ्याले येईपर्यंत तारीखच बदलली होती.

१२ एप्रिल
आज लिहिणं होत नाही. उद्या लिहीन.

१३ एप्रिल
काल झालं ते असं. सुनेनं गोळी देल्ली, गिलास पालथा ठेवून गेली. रश्मी उठली, फोन कानाले लावूनच त्या गिलासानं पाणी पेली अन् उभाच ठेवला. प्रकाश आला. गिलास उभा. गोळी माझ्या हातात. मी गिळली. मंग घाम, डोळ्यापुढं अंधार. रश्मीनंच तोंडात साखर कोंबली. डॉक्टर म्हणे, थोडक्यात निभावलं.
आज प्रकाश अन् सून पोटभर भांडले.
रश्मी मले म्हणे, "आजी, तू काहून नाही सांगतलं, घेतली म्हणून?"
"मले वाटलं डॉक्टरनं वाढवली. मले कोण विचारते इथं? हातात आलं ते गिळलं. तुई श्वेता म्हणते ना, हातात द्या? हातातच तं देल्ली तुया बापानं."
मंग म्हणे, "बाबांनी गिलास पाहून देल्ली, आजी. आईनं सांगतल्यावर नाही."
डोकं आहे, पण माझा जीव जाता जाता चाललं.

१५ एप्रिल
रश्मी जेवली नाही. सोमवारी तिचं काम दवाखान्यात चालू होणार. श्वेता म्हणते तसा पुर्जा उकलून नव्यानं करायचा तं साहेबाले सांगा लागन, ज्याची तारीफ केली तेच चुकलं म्हणून. सोमवार हुकन. कायम होणं बी.
"चुपचाप बदलून टाकू का, आजी?"
म्हटलं, "पुन्हा न सांगता?"
उठून गेली. रागावली असन.

१७ एप्रिल
सून आता निघताना प्रकाशले फोन करते. "देल्ली." तो म्हणते, "बरं." वरून दोघंबी मले विचारतात, घेतली का. पहिलीतल्या पोरासारखी हजेरी देऊन राहिली मी. वैताग आहे, पण...
रश्मीनं आधी श्वेताले सांगतलं, मंग साहेबाले. दार उघडं ठेवून, स्पीकरवर बोलली. तिच्या तोंडून "सर, माझी चूक आहे" ऐकलं.
साहेब म्हणे, "बदल किती ठिकाणी?"
"सगळीकडे, सर."
साहेब म्हणे, "कळवतो."
सोमवार परवावर आला. साहेबाचा फोन नाही. पोट्टी वाट न पाहता पुर्जा उकलायले बसली.
म्हटलं, "नाही म्हणाला तं?"
"तं तसं त्याच्या तोंडून ऐकीन."
मी नोकरीचं विचारणार होती. नाही विचारलं. भाकरी तिथंच नेऊन देल्ली, तं एका हातानं खाऊन राहिली.