उलटा धरलेला डबा

घरच्या मालकांना नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा तो कागदावरच घ्या.

मी मजेत आहे. तुमची नात वाळली आहे, पण तोंड चालू आहे, म्हणजे तब्येत ठीक. तुमच्या प्रेशरच्या गोळ्या चालू आहेत ना?

चांगली नोकरी सोडून ही न गळणारे जेवणाचे डबे विकते, म्हणून तुम्ही रुसून बसलात. काल एका मोठ्या दुकानाचा साहेब आला होता. तो नाही म्हणाला असता तर धंद्याला कुलूपच होतं. ही अर्धा तास पडद्यावर चित्रं दाखवत होती. त्यात जीवनशैली होती, अनुभव होता, डबा तेवढा नव्हता. साहेब जांभया देत होता.

मी माझा पातळ भाजीचा डबा उचलला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर उलटा धरला.

"आजी, नको गं," नात म्हणाली. साहेब श्वास रोखून बसला. थेंबसुद्धा पडला नाही.

"आजीबाई, हे आधी का नाही दाखवलंत?"

"तुम्ही जागे कुठे होतात?"

पाचशे डबे घेतले त्याने.

खरं सांगते, परवा एक डबा माझ्या पिशवीत गळला होता. झाकणाचं रबर उलटं बसलं होतं. म्हणून काल सकाळीच मी दोनदा तपासलं. तुमच्याशी संसार केलाय, नशिबावर कशी विसंबेन?

एक डबा पाठवते आहे. पाणी भरून उलटा धरा. गळला तर मला फोन करा, नाही गळला तर तिला करा. जेवताना पोरगी फोन ताटाशेजारी ठेवते, तुमचा येईल म्हणून.

तुमचीच, या वयात आणखी कुणाची होणार