तळ्यावर माणसे तीन

सोमवार

ताईचं पार्सल परवा पोचलं. कानटोप्या दोन, १४०. लोकरीचे पायमोजे तीन जोड, ९०. मेणकापडाचा अंगरखा एक, २१० (उगाच, पावसाचा पत्ता नाही). ही जाड रोजनिशी, ५५. टपालखर्च ४०. आम्हा तिघी बहिणींत सैल हाताची ताईच. तिने बजावलंय, सहलीचं रोजच्या रोज लिही आणि पानं मला पाठव. लिहिते.

दुपारी बाराला निघून साडेचारला तळ्यावर पोचलो. भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, शुक्रवारपर्यंत कॅराव्हॅन भाड्याने घेतलीय. बाहेरून ऐसपैस, आत आमच्या कोठीच्या खोलीएवढी. झोपायला चार बाकं, वीतभर ओटा, आणि संडास असा की कुठल्या बाजूला वळायचं ते बाहेरच ठरवून जावं. धाकट्या जावेला हे स्वप्नातलं घर वाटतं. मी तिला मनात मडमबाई म्हणते. स्वप्नातल्या घरात भांडी कोण घासणार ते विचारलं नाही. उत्तर ठाऊक आहे.

तळं मोठं आहे, एवढं कबूल. काठाकाठाने तीन धबधबे, रोज एकाला चालत जायचा बेत. पलीकडच्या खडकांवर काही बायका बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, नुसत्या. लोकांना उद्योग नाहीत.

फाटकावर चौकीदार वही घेऊन बसतो. माणसं किती ते आपल्या हाताने लिहायचं, माणशी साठ भरायचे. घरातली मोजदाद माझ्याकडे, म्हणून पेन माझ्या हाती आलं. मी लिहिलं, ‘माणसे तीन’. ह्यांनी भुवया उचलल्या. मी म्हटलं, मी कुठे धबधबे बघायला आलेय? मी गाडीत रांधणार. राबणारीला कसलं तिकीट?

चौकीदार मला म्हणाला, बाई, खरा आकडा लिहा, इथे वहीवरूनच मोजतात. कोण मोजतं म्हणून विचारलं, तर त्याने तळ्याकडे हनुवटी उडवली. साठासाठी केवढं नाटक! देव सगळं बघतो, त्याला वही लागत नाही, असं सुनावून मी पुढे झाले.

मंगळवार

सकाळी आंघोळ, जप झाला. चहा चक्क मडमबाईने केला, पण कप तीन. माझा नाही. तिच्या माहेरी मोठ्यांना विचारायची पद्धत नसावी.

धबधब्याला तिघांच्या मागून मीही गेले. तिकीट नसलं तरी पाय माझे आहेत. निसरड्यावर भाऊजींनी बायकोला हात दिला. हे पुढे निघून गेले. मी गुडघे धरत चढले. वर काय, तर पाणी उंचावरून पडतं आणि खाली फेस होतो. एवढ्यासाठी पेट्रोल जाळायचं.

भाऊजींनी एका प्रवाशाला सगळ्यांचा फोटो काढायला सांगितला. फोटोत तिघे आहेत. ह्यांच्या डाव्या हाताला मी उभी होते, तिथे ओला खडक दिसतो. कॅमेरा म्हणे भारीतला.

काठावरच्या त्या बायका आज अलीकडे येऊन बसल्यात. ओळख ना पाळख, सारख्या आमच्याकडे बघतात.

बुधवार

स्वयंपाक मी केला. वाढलं मडमबाईने, आणि ताटं तीन घेतली. मी म्हटलं, चौथं कुणाच्या बापाने घ्यायचं? कुणी मान वर केली नाही. हे म्हणाले, मीठ अगदी बेताचं पडलंय, कोणी केलं? मडमबाई लाजून म्हणते, इश्श, मीच की! सत्तावीस वर्षं ह्या माणसाला बेताचं मीठ घालून जेवू घातलंय मी.

अबोला धरायचा असेल तर मलाही येतो.

पण दुपारी तिच्या खांद्यावर माझी शाल. मी पुढ्यात उभी राहून मागितली. ती माझ्या पलीकडे बघत भाऊजींना म्हणाली, बाकाखाली सापडली, आधीच्या कुणाची राहिली असेल.

खोटं बोलणाऱ्याचे डोळे मला कळतात. तिचे तसे नव्हते.

गुरुवार

साठ घेऊन फाटकावर गेले. हरले म्हणा. चौकीदाराला म्हटलं, आकडा दुरुस्त करायचाय. तो पेन्सिलीला टोक काढत राहिला. वही उघडीच होती. तीनवर काट मारून चार लिहिलं. शाई पाण्यासारखी ओघळून गेली. तीन तसाच. अक्षर माझंच, शाळेत बक्षीस मिळालेलं.

पैसे टेबलावर ठेवले. त्याने कुणाचे म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि खिशात घातले. ते बरे दिसले मेल्याला!

मागची पानं चाळली. दोन. पाच. तीन. कितीतरी आकडे असेच, बायकी, जपून लिहिलेले —

दुपार

ह्यांचा हात धरला. झटकून म्हणाले, इथे फार गारठा आहे.

बायका गाडीपासून वीस पावलांवर. एकीच्या हातात पळी. एकीचा पदर अजून खोचलेला. कमरेखाली सगळ्या ओल्या. माझ्याकडे बघून सरकल्या. खडकावर जागा केली — एकीपुरती.

जपाची संख्या चुकते आहे. माझी कधी चुकत नाही.

शुक्रवार

तिघे निघाले. हे माझी पेटी बाहेर घेऊन आले, भाऊजींना म्हणाले, ही कुणाची? भाऊजी म्हणाले, राहू दे इथेच, न्यायला येतील.

मी दाराशी होते. त्यांनी आतून दार लावून घेतलं —

फाटकावर चौकीदाराने मोजलं. एक, दोन, तीन. बरोबर म्हणाला. मी ओरडत होते. मी त्याच्या कानाशी —

गाडी वळली. खिडकीत माझी शाल —

ताई, ह्या पानावर शाई धरते आहे. वही तू दिलेली म्हणून असेल. पान फाडून फाटकाजवळच्या टपालपेटीत टाकते. तिकीट नाही, बैरंग येईल, दंड तुला पडेल. पहिल्यांदाच तुला खर्चात घालते, रागावू नकोस.

त्या उठल्यात. खडीवर पाय वाजत नाहीत. एक म्हणते, या, वहिनी, उभ्या का —

ताई, आईबरोबरचा आपला बहिणींचा फोटो काढून बघ. आपण बहिणी किती ते तुझ्या हाताने लिही, आकड्यात नको, अक्षरी. इथे लिहिलेलंच धरतात. पत्ता ह्याच फाटकाचा. उलट टपाली कळव. तिघी असं लिही — पाणी गार नाही, ताई — लगेच लिही, आपण ति