हप्ता वाढू दिला नाही

३ जानेवारी
आजपासून घरचं अर्थखातं माझ्याकडे. मागून घेतलं. अकरा वर्षं ते हिच्याकडे होतं आणि अकरा वर्षांनीही गृहकर्जाची चौदा वर्षं शिल्लक आहेत. म्हणजे कर्ज संपणार बरोबर माझ्या रिटायरमेंटच्या वर्षी. याला काय नियोजन म्हणतात?

काल साडूने मुद्दाम जेवायला बोलावलं आणि ताटं वाढून झाल्यावर जाहीर केलं की त्याचं कर्ज संपलं. साडू वयाने माझ्यापेक्षा लहान, शिक्षणाने लहान, उंचीनेही लहान. तरी बिनकर्जाचा!

मी परचेसमध्ये आहे. एकवीस वर्षं पुठ्ठावाल्यांना आणि गोंदवाल्यांना घाम फोडतोय. बँक म्हणजे तरी काय, पैशांचा पुरवठादारच. हिने फाइल माझ्या हातात दिली, बँकेला फोनसाठी माझा नंबर कळवला आणि दर महिन्याला नीट बघा म्हणाली. नीट बघा! मला!

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही.

८ जानेवारी, रविवार
पहिली बजेट मीटिंग. हजर: मी आणि ही. हिने संपूर्ण मीटिंगभर कपड्यांच्या घड्या घातल्या.

लॅपटॉपवर तक्ता केला. उत्पन्न हिरवं, खर्च लाल. रंग जमवण्यातच सकाळ गेली, पण काम देखणं झालं. ही म्हणाली, यात माझी संध्याकाळची शिफ्ट कुठे आहे? राहिलीच होती. ही सकाळी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये. संध्याकाळचा पगार साठवून वर्षातून एकदा कर्जाच्या मुद्दलात भरते. किरकोळ रक्कम आहे, पण तिचं मन राखायला जांभळा रंग दिला.

संकल्प: कँटीनचा दुसरा चहा बंद. रिक्षा बंद. खर्च झाला की त्याच दिवशी तक्त्यात.

१२ जानेवारी
रिक्षाने आलो. पाय दुखत होता. दुसरा चहा सुरू, कारण पहिला थंड होता. तक्ता रविवारी भरणार.

२१ जानेवारी
आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा.

व्याजदर पुन्हा वाढले. ऑफिसात रडारड. ज्याचा त्याचा हप्ता वाढला. दुपारी मला बँकेतून मुलीचा फोन. गोड आवाज. दर वाढलाय सर, हप्ता वाढवायचा की तोच ठेवायचा? मी एका वाक्यात सांगितलं, माझा हप्ता एक रुपयाने वाढता कामा नये. ती मुदतीचं काहीतरी बोलायला लागली. मी मध्येच तोडलं. पुरवठादाराला जास्त बोलू द्यायचं नसतं, सुरुवात तिथूनच बिघडते. ती म्हणाली, ठीक आहे सर, हप्ता तोच राहील.

एका फोनमध्ये नमली! घासाघीसही करावी लागली नाही. सगळ्या टेबलांवर जाऊन सांगितलं. अकाउंट्सचा दशांश (नाव वेगळं आहे, पण बोलतानाही पॉइंटनंतर दोन आकडे सांगतो) नुसता चष्म्यावरून बघत राहिला. जळफळाट.

रात्री जेवताना हिला सांगितलं. हिने दोनदा विचारलं, नक्की ना? आणि मुदत? मी म्हटलं, मुदत ठरलेली असते, ती कोण बदलणार? हिने भाताचं भांडं झाकलं. मग म्हणाली, तसं असेल तर संध्याकाळची शिफ्ट सोडू का? डॉक्टर कधीचे सांगतायत. दिवसभर उभं राहून हिचे घोटे सुजतात, संध्याकाळी बूट काढताना मोज्यांचे वळ दिसतात.

मी म्हटलं, सोड! मी आहे ना!

खरं सांगतो, असं म्हणायला फार बरं वाटलं.

१ फेब्रुवारी
ही आजपासून संध्याकाळी घरी. दोघांनी मिळून चहा घेतला. ही पाय स्टुलावर ठेवून बसली आणि गाणं गुणगुणली. हिला गाता येतं हे मी विसरलो होतो. सगळं एका फोनची कमाई.

६ फेब्रुवारी
दशांशाने कँटीनमध्ये गाठलं. म्हणाला, हप्ता तोच ठेवला म्हणजे मुदत वाढवली असणार, किती झाली? मी हसलो. त्याने कागदाच्या रुमालावर आकडेमोड केली. तेल लागलेल्या रुमालावर केलेल्या हिशोबाला मी किंमत देत नाही.

पण बँकेत फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवलं. मग वेगळीच मुलगी. तुमचं कर्ज आता सहा वर्षं उशिरा संपेल सर. मी म्हटलं, मी साठाव्या वर्षी रिटायर होतो! ती म्हणाली, हो सर, सहासष्टाव्या वर्षी संपेल. मी आवाज चढवला. ती म्हणाली, तुम्हीच हप्ता तोच ठेवायला सांगितलंत, रेकॉर्डिंग आहे, ऐकवू का?

नको म्हटलं.

केसाने गळा कापला. गोड बोलून, सर सर करून. एकवीस वर्षांत कुठल्या पुठ्ठावाल्यानेही असं केलं नाही.

७ फेब्रुवारी
आज हिला सांगणार.

संध्याकाळी. ही कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. अशा वेळी सांगणं बरं नाही. उद्या.

८ फेब्रुवारी
हिचं डोकं दुखत होतं.

९ फेब्रुवारी
हिचं डोकं दुखत नव्हतं. फार आनंदात होती. अशा वेळी तर मुळीच नाही. जेवताना म्हणाली, ऑफिसात काही विशेष? मी म्हटलं, छे.

१५ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. सांगून काय होणार? ही शिफ्ट पुन्हा धरेल, पाय पुन्हा सुजतील. म्हणजे न सांगण्यात हिचंच भलं आहे. आधी सहा वर्षं भरून काढायची आणि मग हसत हसत सांगायचं. नवऱ्याने दुःख पोटात ठेवायचं असतं.

२० फेब्रुवारी
साडूला फोन केला. मोठ्या मनाने. त्याला म्हटलं, कर्ज इतक्या लवकर कसं फेडलंस? म्हणाला, शेअर्स. सध्या पंप बनवणारी एक कंपनी आहे, तीत डोळे मिटून टाका. वर म्हणाला, तुम्ही घरचे म्हणून सांगतो.

आमची एक एफडी आहे. अडीअडचणीसाठी. दोघांच्या नावावर, पण मोडायला कोणा एकाची सही पुरते. ही अडचणच आहे. मोबाइलवरूनच मोडली, पाच मिनिटं लागली. हिला नफ्यासकट सांगणार.

१४ मार्च
पंप वर! तक्त्यात पंपासाठी सोनेरी रंग घेतला. असंच चाललं तर मी पंचावन्नाव्या वर्षी कर्जमुक्त. साडूला आपण उगाच नावं ठेवत होतो. रिक्षाने घरी आलो, वाटेत थांबवून आइसक्रीम खाल्लं.

ही हल्ली संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंबरोबर फिरायला जाते. डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणे. जाऊ दे. तब्येत सांभाळलीच पाहिजे.

२ एप्रिल
पंप खाली.

५ एप्रिल
पंप आणखी खाली. साडू म्हणाला, लांब पल्ल्याचं बघा. मी म्हटलं, तुझे किती गेले? तर म्हणतो, मी मार्चमध्येच विकले. मार्चमध्ये! मग मला का नाही सांगितलं? म्हणाला, तुम्ही विचारलंत कुठे?

आधी बँक, मग साडू. ज्याला आपला म्हणावं तोच पाठीत सुरा खुपसतो. निम्मे पैसे बुडाले आणि हे कोणाला सांगायचीही सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सोनेरी रंग काढून राखाडी दिला.

१८ एप्रिल
ही फिरायला जाते ती चांगली रात्री परतते. फिरून आलेलं माणूस ताजंतवानं दिसतं. ही खुर्चीत कोसळते. आज विचारलं, एवढं कुठे फिरता? म्हणाली, लांबवर. मग माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुमचं काय चाललंय? मी म्हटलं, माझं काय चालणार.

२५ एप्रिल
लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. हातात बॅगा. महिनाभर लेकीकडे होते, आत्ता येतेय म्हणाल्या.

महिनाभर! मग ही फिरतेय कोणाबरोबर?

लिहवत नाही. वीस वर्षांचा संसार. मी हिच्यापासून कधी काही लपवलं? म्हणजे, मनाला लागेल असं काही? आणि ही रोज समोर बसून खोटं बोलते. ताकास तूर लागू दिली नाही. बँकेचं सोसलं, साडूचं सोसलं, पण हे घरातलं.

उद्या पाठलाग.

२६ एप्रिल
जे झालं ते क्रमाने लिहितो.

संध्याकाळी ही निघाली. मी अंतर ठेवून मागे. टोपी घातली होती. ही झपाझप चालत होती, मला धाप लागली. औषधाच्या दुकानाशेजारच्या काचेच्या दारातून आत गेली. मी थोडं थांबून आत शिरलो. वर पाटी वाचायची राहिली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, शेवटचं कधी खाल्लंत? मी गडबडून दुपारी म्हटलं. त्यांनी साखर आणि चरबी असं काहीतरी लिहिलं, पैसे घेतले आणि पडद्यामागे जायला सांगितलं. पैसे का दिले माहीत नाही. रांगेत मागे लोक होते.

पडद्यामागे ही. पांढरा कोट, हातमोजे. संध्याकाळची शिफ्ट.

ही दचकली नाही. हात पुढे करा म्हणाली. दंडाला पट्टा बांधला. मूठ आवळा म्हणाली. आणि मग सुई लावता लावता, शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली. मुदत वाढल्याचा मेसेज फेब्रुवारीतच तिच्या मोबाइलवर आला. कर्जात पहिलं नाव तिचं आहे, बँकेचे मेसेज पहिल्या नावालाच जातात. (मला वाटत होतं माझं आहे.) मार्चपासून तिने शिफ्ट परत धरली, बँकेत जाऊन हप्ता वाढवून घेतला आणि वाढलेला भाग ती भरतेय. मुदत पुन्हा होती तिथे आली आहे.

मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? केवढा विश्वासघात!

ही नळीत रक्त चढताना बघत होती. म्हणाली, मी वाट बघत होते. तुमच्या एका शब्दावर मी नोकरी सोडली. चूक झाली, एवढं तुम्ही म्हणाल, म्हणून रोज जेवताना वाट बघत होते. चुकीचा राग नव्हता मला, चूक कोणाचीही होते. पण तुम्ही रोज मीठ मागायचात आणि झोपायला जायचात.

पायांकडे बघितलं. बुटांच्या नाड्या सैल सोडलेल्या होत्या, घोटे वर आले होते. फार वाईट वाटलं. लाज वाटली म्हटलं तरी चालेल.

मग हिने विचारलं, अजून काही सांगायचंय?

आजोबा बघत होते. सुई हातात होती. ही काय शेअर बाजाराबद्दल बोलायची जागा आहे? मी म्हटलं, नाही.

हिने पुन्हा विचारलं, काहीच नाही? मी म्हटलं, देवाशपथ नाही.

मूठ सोडा, म्हणाली. कापूस लावला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

२७ एप्रिल, दुपारी
एकूण बरंच झालं म्हणायचं. मळभ निघून गेलं. कर्ज जागेवर आलं. ही सकाळी काही न बोलता कामावर गेली, पण ती दमलेली असते. पंप वर आला की एफडी गुपचूप परत करायची, हिला पत्ताही लागणार नाही. नवा संकल्प: यापुढे दोघांत काहीही लपवायचं नाही. पंप सोडून.

फक्त एक शंका म्हणून बँकेत फोन केला. एफडीत पहिलं नाव कोणाचं? मुलगी म्हणाली, मॅडमचं. मोडल्याचा मेसेज? त्याच दिवशी गेला सर, त्यांनाच.

म्हणजे काल सुई लावून विचारलं तेव्हा तिला माहीत होतं. दोनदा विचारलं, तेव्हाही.

आज सगळं सांगणार. आल्या आल्या, चपला काढायच्या आत. साडूचं नाव सुरुवातीला घ्यावं की शेवटी, एवढंच ठरायचंय.

२७ एप्रिल, संध्याकाळ
हिचा मेसेज आला. बहिणीकडे राहायला जातेय. वाट बघू नका.

बहिणीकडे, म्हणजे साडूच्या घरी! मला बुडवणाऱ्याच्या घरी! तोही आता तिथे बसून हिला माझ्याबद्दल चार गोष्टी सांगेल. आपलं म्हणावं असं कोणी उरलं नाही. आणि किती दिवस, ते काही लिहिलेलं नाही. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला.

वाट बघू नका, म्हणे. मी कशाला वाट बघतोय! दाराची कडी तेवढी लावलेली नाही.