उभयपक्षी रक्ततपासणी

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
५ डिसेंबर २००३

तीर्थस्वरूप कौशल्याआत्यास,

अक्षयाचा नमस्कार. वाकून केला आहे, पण साताऱ्यापर्यंत किती पोचेल सांगता येत नाही. गुडघे कसे आहेत? तू 'बरे आहेत' असंच लिहिशील, म्हणून काकांनाही वेगळं विचारलं आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आमचा फोन हॉलमध्ये आहे आणि बाबाही हॉलमध्येच असतात.

लग्नाआधी दोघांची एचआयव्हीची तपासणी सक्तीची करावी, अशी चर्चा पेपरात आल्याचं तू वाचलं असशील. कायदा झालेला नाही. पण तुझा भाऊ पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत आहे. नियम येण्याआधीच तो पाळायला लागतो. आम्ही सुधन्वाच्या घरी गुडगावला लग्नाच्या बैठकीला गेलो (अठरावा मजला, लिफ्ट 'लवकरच', ब्रोशरमध्ये तलाव आहे तिथे तूर्त खड्डा), आणि मानपानाचं बोलणं संपताच बाबांनी घसा साफ केला. "तपासणी उभयपक्षी व्हावी," ते म्हणाले. सुधन्वाची आई, भानुमतीकाकू, म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं कुणाला होत नाही हो." मी म्हटलं, "काकू, होत नाही हे कळायलाच तपासणी लागते." (पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीने सासरी पहिलं वाक्य हे बोलू नये, असं आईने परतताना सांगितलं. आधी सांगायला हवं होतं.) सुधन्वा मात्र लगेच म्हणाला, "बिल्कुल, करूया." इथे मला पहिला संशय आला. आमच्याकडे येणारा माणूस रक्त द्यायच्या आधी काहीतरी विचारतोच: उपाशी यायचं का, दुखेल का, रिपोर्ट कधी. एकही प्रश्न न विचारणारा माणूस मी पाहिलेला नाही.

दोघांचे रिपोर्ट व्यवस्थित आले. तिथे थांबायचं, तर बाबांनी त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि खालच्या मजल्यावरच्या खंडेरावकाकांकडून अटेस्ट करून आणल्या. (काका गॅझेटेड ऑफिसर आहेत. त्यांच्या शिक्क्याशिवाय बाबांचा सूर्योदयावरही विश्वास नाही.) काकांनी मूळ प्रतींशी ताडून पाहिलं, म्हणजे त्यांच्या बायकोनेही पाहिलं आणि कॉलनीला कळलं. संध्याकाळी दुधाच्या बूथवर शेजारच्या वीणा आंटींनी माझा हात धरला. "बेटा, हौसला रखो. आजकल सबका इलाज है." मी म्हटलं, आंटी, रिपोर्ट में कुछ नहीं है. "कुछ नहीं था तो टेस्ट क्यूँ कराया?"

मग मी चूक केली. मी म्हटलं की संसर्ग नवा असेल तर तो रक्तात लगेच दिसत नाही, तेव्हा दोघांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं आणि मगच लग्न करावं. बाबा मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. "अगं, फाइल क्लोज झाली आहे! पास झालेला मुलगा पुन्हा परीक्षा मागतो का?" भानुमतीकाकूंनी फोनवर विचारलं, "मग लग्नानंतर पण दर तीन महिन्यांनी करायची का?" मी म्हटलं, ते अवलंबून आहे. त्यांनी फोन ठेवला. सुधन्वा याही वेळी "बिल्कुल" म्हणाला. ज्याच्यावर उघड संशय घेतला जातो आहे तो चिडतही नाही, हे मला मुळीच पटलेलं नाही.

बाकी सगळं ठीक. थंडी पडली आहे. काकांना नमस्कार.

तुझी,
अक्षया

ता. क. लग्नाचा माघातला मुहूर्त धरला आहे, त्यात तुला काहीतरी दोष सापडायला हवा. बाबा डॉक्टरांचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच, पण तू पंचांग उघडलंस की गप्प बसतात. वैशाख चालेल.

ता. क. २. कारण विचारशीलच. गेल्या महिन्यात लॅबमध्ये एका रुग्णाची वापरलेली सुई माझ्या बोटात गेली. त्याचं रक्त पॉझिटिव्ह होतं. तीनशेत एखाद्यालाच लागण होते, आणि गोळ्याही लगेच सुरू केल्या. हा आकडा मी दिवसभर लोकांना समजावते. रात्री स्वतःला समजावता येत नाही. गोळ्यांनी अन्न नकोसं झालं आहे. आईला वाटतं, लग्नाच्या आनंदाने भूक गेली. माझा आत्ताचा रिपोर्ट कुणीही अटेस्ट केला तरी उपयोगाचा नाही. घरी सांगू नकोस.

ता. क. ३. सुधन्वाला काल सांगितलं. तो म्हणाला, "घरी सांगतो की मलाच वेळ हवाय. आईला माझ्यावर चिडायची सवय आहे." आणि मग, पहिल्यांदाच, त्याने प्रश्न विचारला: बोट अजून दुखतं का. तुझ्या जाऊबाई त्यांच्या नात्यातल्या आहेत ना? माणूस मुळातच असा आहे की दाखवतो आहे, याची चौकशी कर.

ता. क. ४. चौकशीत काही वाईट निघालं तर लगेच कळव, मला सोपं जाईल. आणि फेब्रुवारीत माझा रिपोर्ट वाईट आला, तर वैशाखातही दोष काढ, त्यापुढेही काढत राहा. तो स्वतःहून नाही म्हणेल असं मला वाटत नाही, आणि मला ते म्हणता येईल की नाही, याची आता खात्री राहिलेली नाही.