आईच्या पलंगाची भिंतीकडची बाजू

कळंब, रविवार, संध्याकाळ

आईचा पलंग आज गेला. तिच्या मागे शय्यादान म्हणून गुरुजींना द्यायचा होता, पण त्यांच्या फ्लॅटच्या जिन्यात तो वळेना. शास्त्राने जिन्याचा विचार केलेला नाही. मग सिंधहून आसरा शोधत आलेलं कुटुंब आठवलं. मागच्या गल्लीत राहतं, सगळे जमिनीवर झोपतात.

टेम्पोवाला म्हणाला, "काकाजी, सागवानी पलंग कायले देऊन राह्यले? ठेवा न घरी." मी दोरीची गाठ आवळली.

पलंग तिथल्या भिंतीला लावल्यावर त्या घरातल्या आजींनी विचारलं, "किसका है?" मला वाटलं, आता नको म्हणणार. गेलेल्या माणसाचा पलंग कोण घेतं? तरी खरं सांगितलं, आईचा, ती गेल्या महिन्यात गेली.

"किस तरफ सोती थीं?"

मी भिंतीकडची बाजू दाखवली. त्यांनी आपली गोधडी दुसऱ्या बाजूला पसरली. "वो जगह उनकी रहेगी."

पण ती दुसरी बाजू बाबांची. बाबा गेल्यावरही आईने तिथे कुणाला, अगदी मलासुद्धा, झोपू दिलं नाही. आजींना सांगायला हवं होतं का? नाही सांगितलं. आई आधी कुरकुरली असती, आणि मग भिंतीकडे सरकून तिने आजींना विचारलं असतं, "तुमच्या इकडे कापूस पिकते का?"